दिवा विझवण्याची कला

मोटारीच्या डॅशबोर्डवर दिवे पुष्कळ असतात, पण माणसं वाद घालतात ती त्यांतल्या एकाशीच. पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागला की पंप शोधतात, दार नीट न लागल्याचा लागला की दार आपटतात, हँडब्रेकचा लागला की जीभ चावून हँडब्रेक सोडतात. कूलंटचा लाल दिवा लागला की मात्र पहिलं वाक्य ‘असं कसं होईल?’ हे असतं आणि दुसरं ‘परवाच तर सर्व्हिसिंग झालंय’ हे. या दिव्यावरचं चित्र म्हणजे लाटांत उभा केलेला थर्मामीटर. कुठल्याही भाषेच्या माणसाला कळावं म्हणून ते आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात नोंदवलेलं आहे. त्यामुळे झालं एवढंच, की कुणाला त्यात बुडतं गलबत दिसतं, कुणाला पाण्यात पडलेली किल्ली, आणि अर्थ कळो न कळो, गाडी पुढेच हाकली जाते. माझं म्हणणं साधं आहे. दिवा विझवणं आणि दोष शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपली बुद्धी, हुन्नर व परंपरा यांची सगळी पुंजी पहिल्या कामावर खर्च झालेली आहे. दिवा विझवण्यात आपण इतके तरबेज झालो आहोत, की तो लागलाच का होता, असं विचारणारा माणूस विनाकारण खुसपट काढणारा ठरतो.

प्रकरण किती गंभीर आहे ते आधी पाहू. सिलिंडरमध्ये इंधन पेटतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सियसच्या वर जातं. आजकालचं सिलिंडर हेड ज्या अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते ६६० अंशांना वितळतं. हे दोघे एका छपराखाली वर्षानुवर्षं नांदतात ते केवळ मध्ये पडणाऱ्या पाण्यामुळे. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि जवळपास तितकाच कूलंट उचलून नेतं. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलमधले तीसेक रुपये आपण पाणी तापवायला देतो, आणि पाणी तापलं म्हणून तक्रारही आपणच करतो. हे पाणी म्हणजे साधारण निम्मं पाणी आणि निम्मं एथिलीन ग्लायकॉल. पंप ते इंजिनातून खेळवतो, ८०-९० अंशांच्या घरात थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटरमध्ये ते वाऱ्याने निवतं आणि परत कामाला लागतं. यंत्रणेचं टोपण कुकरच्या झाकणासारखा दाब धरून ठेवतं, म्हणून एरवी १०७ अंशांच्या आसपास उकळणारं हे मिश्रण १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंतही शांत राहतं.

ही यंत्रणा बंदिस्त आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. पेट्रोल वापरलं की संपतं, टायर झिजतो, इंजिन ऑइल थोडंफार जळतं. कूलंट खर्च होण्यासाठी भरलेलंच नसतं. ते जुनं होतं, ठरलेल्या मुदतीनंतर बदलावं लागतं, वर्षभरात पातळी नखभर उतरली तर तेही समजून घेता येईल. पण टाकी महिन्या-दोन महिन्यांनी रिकामी दिसत असेल, तर त्या पाण्याने कुठून तरी बाहेरचा रस्ता धरलेला आहे. असं असताना आपण करतो काय, तर बाटली काढतो, टाकीत पाणी ओततो, दिवा विझतो आणि हात झटकून ‘झालं काम’ म्हणतो. खरं तर काम झालेलं नसतं, पुरावा नष्ट झालेला असतो. पातळी किती उतरली होती, किती दिवसांत उतरली, हे सांगणारी एकमेव खूण आपण स्वतःच्या हाताने बुजवलेली असते. पुढच्या खेपेला पुन्हा दिवा लागतो, पुन्हा बाटली निघते, आणि डिकीतल्या पाण्याच्या कॅनला हळूहळू स्टेपनीच्या बरोबरीचा मान मिळतो.

बाटली ही या कलेची फक्त पहिली पायरी. त्यावरची पायरी म्हणजे ‘डायरेक्ट’ करणं. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागत नसेल, तर तो का लागत नाही हे पाहायला सेन्सर, रिले, फ्यूज आणि वायरिंग तपासावं लागतं. त्याऐवजी दोन तारा जोडून पंखा डायरेक्ट केला, की चावी फिरवल्यापासून तो गरगरत राहतो. प्रश्न सुटतो, फक्त पंखा का लागत नव्हता हे कायमचं गूढ राहतं. त्याही वरची पायरी थर्मोस्टॅट उपटून फेकण्याची. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही’ हे वाक्य यासाठी तयार असतं. थर्मोस्टॅटचं काम इंजिनाला लवकर योग्य तापमानावर आणून तिथेच राखण्याचं. तो काढला की इंजिन रेंगाळत तापतं, इंधन जास्त खातं आणि जास्त झिजतं. पण यातल्या कशाचाही दिवा लागत नसल्यामुळे मालक समाधानी असतो. गळक्या रेडिएटरला एम-सीलचा लेप, फाटक्या होज पाइपला जुन्या ट्यूबची पट्टी आणि ट्रकवाल्यांच्या जुन्या आयुर्वेदाप्रमाणे रेडिएटरमध्ये चमचाभर हळद, हेही याच घराण्याचे प्रकार. हळद भोकात बसून गळती काही काळ थोपवते, यात खोटं काही नाही. पण ती फक्त भोकातच बसेल आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसणार नाही, असं तिला सांगून ठेवण्याची सोय नाही.

या कलेला लोकाश्रयही मोठा आहे. बोनेट उघडलेली गाडी ही आपल्याकडे सार्वजनिक जागा असते. कुणीही येऊन आत डोकावू शकतो, आणि डोकावणाऱ्याला निदान केल्याशिवाय जाता येत नाही. रिक्षावाला ‘कॉइल बघा’ म्हणतो, कारण त्याच्या रिक्षाची कॉइल गेलेली असते. दूधवाला बॅटरीवर बोट ठेवतो. निवृत्त काका ‘आजकालच्या गाड्यांत दमच नाही’ असं सर्वसाधारण निदान करतात, ज्यात इंजिनापासून सरकारपर्यंत सगळे येतात. ‘उन्हाळा आहे, गरम होणारच’ यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. या मताची तपासणी सोपी आहे. चंद्रपूरचा ४५ अंशांचा दुपारचा वाराही ९० अंशांच्या कूलंटला गारवाच वाटावा असा असतो, आणि त्याच रस्त्यावरून, त्याच उन्हात, इतर शेकडो गाड्या निमूटपणे चाललेल्या असतात. ऊन सगळ्यांना सारखं आणि दिवा एकाचाच, तर दोष उन्हाचा कसा? उन्हाने आधीचा दोष उघडा पाडला, एवढं म्हणता येईल. पण उन्हावर ढकललं की बिल येत नाही, हा त्या निदानाचा मोठा गुण आहे.

दोष शोधण्याच्या कामाला यातलं कोणतंच कौशल्य लागत नाही. त्याला लागतो एक कंटाळवाणा प्रश्न: दिवा नेमका केव्हा लागला? सिग्नलला, गर्दीत, गाडी उभी असताना तापत असेल आणि हायवेला लागताच निवत असेल, तर रेडिएटर ठीक आहे. वारा मिळाला की तो काम करतोय. संशय पंख्यावर घ्यायचा. उलट गावात सरळ आणि हायवेवर किंवा घाटाच्या चढावर तापत असेल, तर पंख्याला सोडून द्यावं आणि रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी बुजलाय का, पंप नीट फिरवतोय का, हे पाहावं. इंजिन तापलंय पण हीटर सुरू केल्यावर गार हवा येते, तर गरम पाणी तिथवर पोचतच नाही: पातळी उतरली आहे, यंत्रणेत हवा अडकली आहे किंवा पंप गेला आहे. इंजिन चांगलं तापूनही रेडिएटरची एक नळी कढत आणि दुसरी थंड राहिली, तर थर्मोस्टॅट उघडत नसावा. ज्या गाड्यांत पातळी मोजणारा सेन्सर असतो, त्यांत वळणावर दिवा लागून सरळ रस्त्यावर विझला, तर टाकीतलं पाणी कमी होऊन हिंदकळतंय. एवढी सगळी माहिती ‘केव्हा’ या एका प्रश्नात दडलेली असते. गॅरेजमध्ये मात्र आपण ती बाहेर ठेवून आत जातो आणि ‘गाडी गरम होते’ या तीन शब्दांत मिस्त्रीला रामायण सांगतो. मग त्यानेही रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट असा एकेक भाग बदलत जाण्याचा मार्ग धरला, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न ‘पाणी गेलं कुठे?’ हा. त्याचं उत्तर बहुतेकदा जमिनीवर किंवा नळ्यांवर लिहिलेलं असतं. रात्रभर उभ्या गाडीखाली हिरवा किंवा गुलाबी डाग, होज पाइपच्या क्लिपपाशी वाळलेला पांढरट थर, पंपाखाली ओघळ. (फक्त एसीचं स्वच्छ, बिनवासाचं पाणी पाहून पोलिसांत जाऊ नये, ते गळणं हा एसीचा धर्म आहे.) गाडीत गोडसर वास, काचांवर तेलकट धुकं आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं असेल, तर हीटरची आतली जाळी गळते आहे. बाहेर कुठेच थेंब नाही, पण सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही, ऑइल दुधट दिसतं किंवा टाकीत बुडबुडे येतात, तर पाणी इंजिनच पितंय. अशा वेळी मिस्त्री ‘गॅस्केट उडालं, हेड उचलावं लागेल’ असं सांगतो आणि ऐकणारा आधार शोधतो. हे सगळं पाहायचं ते सकाळी, इंजिन थंड असताना. गरम झाल्यावर कूलंट फुगतं आणि पातळी खोटी दिसते. शिवाय तापलेलं टोपण उघडलं की दाब एकदम उतरतो, दबून बसलेलं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि वाफेचा फवारा तपासणाऱ्याच्या तोंडावर येतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सुशिक्षितांचा: सेन्सरच खराब असेल. असू शकतो, नाकारण्याचं कारण नाही. पण सेन्सरवर संशय घ्यायला एक साधी चाचणी आहे. रात्रभर थंडावलेल्या इंजिनाची चावी फिरवली आणि तापल्याचा दिवा क्षणभर लागून विझण्याऐवजी तसाच राहिला, तर सेन्सर किंवा वायरिंग खोटं बोलतंय. ही चाचणी न करता ‘सेन्सरच असणार’ म्हणणं हा तर्क नाही, ती इच्छा आहे. शिवाय याची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. कित्येक छोट्या गाड्यांत पातळी मोजणारा सेन्सर नसतोच. असतो तो फक्त तापमानाचा, आणि तो पाण्यात बुडालेला असेल असं गृहीत धरलेलं असतं. पाणी पार निघून गेलं आणि तो कोरडा पडला, तर तो भोवतालच्या हवेचं तापमान सांगत बसतो आणि इंजिन जळत असताना दिवा गप्प राहू शकतो. लागलेला दिवा विझला म्हणजे संकट टळलं, असं मानणाऱ्यांनी या शक्यतेवर विचार करावा.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: आमच्या वेळी साधं पाणी घालून गाड्या आयुष्यभर चालल्या. खरं आहे, चालल्या. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण तिच्या काळातला सल्ला अजून सेवेत आहे. त्या सल्ल्यातून एक भाग मात्र हळूच गळलेला असतो. त्या काळी कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढावर बोनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या हा निसर्गसौंदर्याचा भाग होता. ड्रायव्हर थांबायचा, वाट पाहायचा, मग पाणी घालायचा. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन ओतीव लोखंडाचं होतं आणि असली दुखणी अंगावर काढायचं. आजचं हलकं अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा जास्त तापलं की वाकतं, आणि मग फेसिंग मारून ते सपाट करण्यापर्यंत मजल जाते. जुन्यांच्या बाटलीचं अनुकरण आपण करतो, त्यांच्या थांबण्याचं करत नाही. बोअरचं पाणी घालून तर आपण इंजिनात क्षारांचे थर चढवतो. ज्या पाण्याने घरातला गीझर पांढरा होतो, ते रेडिएटरला मानवेल अशी आशा कशाच्या बळावर धरायची?

तिसरा आक्षेप विज्ञानाचा आहे आणि त्यात दम आहे: शुद्ध पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. बरोबर, ग्लायकॉल घातल्याने पाण्याची ती क्षमता कमीच होते. पण उष्णता वाहणारं पाणी आधी पाणी राहिलं पाहिजे. समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणारं पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि टोपणाचं रबर मरून दाब धरत नसेल, तर घाटमाथ्यावर त्याची वाफ व्हायला फार वेळ लागत नाही. वाफ धातूवरची उष्णता पाण्यासारखी उचलत नाही. शिवाय गंज रोखणारी रसायनं असतात ती कूलंटमध्ये, नळाच्या पाण्यात नव्हे. याच वर्गातला एक उपआक्षेप रंगाचा: हिरव्यात हिरवं आणि गुलाबीत गुलाबी घातलं की झालं. रंग हा कंपनीने मिसळलेला रंग असतो; सगळ्यांनी पाळावा असा त्याचा कोणताही नियम नाही. दोन हिरव्या बाटल्यांत वेगळी रसायनं असू शकतात आणि न जुळणारी एकत्र आली तर आत गाळ किंवा चिकट थर धरू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत कोणतं कूलंट घालायचं ते छापलेलं असतं, आणि ती पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये मूळच्या प्लास्टिकच्या पिशवीत अखंड कौमार्य राखून पडलेली असते. उरलेलं कूलंट मात्र शीतपेयाच्या बाटलीत कदापि भरून ठेवू नये. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास जीवघेणं आहे, आणि मुलांना नि कुत्र्या-मांजरांना बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही.

चौथा आक्षेप: दिवा असतो तसा काटाही असतो, आणि आमचा काटा तर मध्यावर आहे. काट्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९१० च्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचा थर्मामीटर निघाला. तो रेडिएटरच्या टोपणावर, गाडीच्या नाकावर उभा असे, आणि चालक काचेतून बघून तापमान ओळखत असे. पुढे तो काटा होऊन डॅशबोर्डवर आला. पण खरा काटा खरोखर हलतो. चढ आला की चढतो, उतार आला की उतरतो, आणि तो हलला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतं. म्हणून अनेक गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवतात, की कितीतरी अंशांच्या पट्ट्यात तो मध्यावरून हलतच नाही. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि कित्येक छोट्या गाड्यांतून काटाही गेला. उरला सकाळी थंड इंजिन दाखवणारा निळा दिवा आणि अंत जवळ आल्याचं सांगणारा लाल. म्हणजे दिवा विझलेला बघण्याची आपली हौस कारखान्यांनीही ओळखली आणि काळजीच कमी दाखवायला सुरुवात केली. दोष कंपन्यांचा आहेच, पण त्यांना गिऱ्हाईकही तसंच भेटलं.

शेवटचा आक्षेप भविष्याचा: इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हे सगळं संपेल. संपणार नाही. बॅटरीलाही ताप सोसत नाही. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला कूलंटच फिरत असतं, आणि त्याच्याही नळ्या, पंप आणि टाकी आहे. इंजिन गेलं तरी ‘पाणी गेलं कुठे?’ हा प्रश्न नोकरीत कायम राहणार आहे.

आता न्यायाने हेही मान्य करायला हवं, की रस्त्यात दिवा लागला तर तो शांत करणंच पहिलं काम असतं. भर घाटात कुणी संशोधन करू नये. एसी बंद करावा, आणि हीटर पूर्ण वेगाने सुरू करावा. मे महिन्यात हीटर लावल्यावर मागच्या सीटवरून काय ऐकावं लागतं ते सोसावं, कारण हीटर हा इंजिनातली उष्णता काढून घेणारा छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावं, किमान अर्धा तास टोपणाला हात लावू नये, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, नाहीतर धातूला तडा जाऊ शकतो. त्यानंतर गॅरेज गाठण्यापुरतं पाणी घालणं हा शुद्ध व्यवहार आहे. माझी तक्रार त्या पाण्याबद्दल नाही. तक्रार आहे ती गॅरेज आलं तरी गाडी त्याच्यासमोरून पुढे नेण्याबद्दल, कारण तोवर दिवा विझलेला असतो. ‘एवढं बघायला वेळ कुणाला आहे?’ असं विचारणाऱ्यांनी एवढाच हिशेब करावा: आठवड्यातून एकदा सकाळी टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे का ते बघायला मिनिटभर लागतं, होज पाइप काहीशे रुपयांत बदलून मिळतो, आणि हेड उचललं की बिल सहज पाच आकडी होतं. म्हणून कूलंट कुठे गेलं हे सांगता येत नाही तोवर विझलेल्या दिव्याला दुरुस्ती म्हणू नये, मुदतवाढ म्हणावं. मुदतवाढीवर व्याज चढतं, आणि इंजिनाच्या बाबतीत गॅरेजवाला ते मुद्दलासकट एकरकमी वसूल करतो.